कोकणातली कोरीव होडी घाटावर आणताय? कामाचा क्रम आधी पाठ करा

मार्च सरत आला की होड्यांचे फोटो यायला लागतात. कधी आटपाडीकडच्या शेततळ्यावरून, कधी वाईजवळच्या फार्महाऊसवरून, कधी बामणोलीच्या अलीकडून. होडी दरवेळी निराळी असते, चीर मात्र ठरलेली: टोकापासून निघून पोटाकडे गेलेली, आत बोट जाईल एवढी. खाली प्रश्नही ठरलेला, "यात काय भरू?"

आत्ता काहीच भरू नका. ती चीर दिसली मार्चमध्ये, पण चूक झाली होडी गाडीतून उतरवली त्या आठवड्यात.

हा लेख फक्त एका अखंड खोडातून कोरलेल्या लहान होडीपुरता आहे, साधारण 12 ते 18 फुटांच्या. जाळं टाकणं, नदीतल्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाइपच्या तोंडाची झडप) साफ करणं, पलीकडच्या मळीतून वैरण आणणं, काठाची जलपर्णी ओढणं, असल्या रोजच्या कामांची होडी. रिसॉर्टच्या दारात माती भरून फुलझाडं लावायला आणली असेल, तर पुढचं वाचू नका. ती दोन-तीन पावसाळ्यांत कुजेलच.

कामाला हात घालण्याआधी

फळ्यांच्या नावेला सांधे असतात. लाकूड फुगलं-आकसलं की ती हालचाल सांध्यांत जिरते. कोरीव होडीला सांधा नसतो, त्यामुळे आकसायला जागा मिळाली नाही की लाकूडच फाटतं. शिवाय लाकूड सगळ्या दिशांना सारखं आकसत नाही. वर्तुळांच्या दिशेने ते जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे आकसतं. या ओढाताणीतून चीर गाभ्याकडून बाहेर धावते. आणि खोडाच्या कापलेल्या तोंडांतून ओल बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडते, म्हणून सुरुवात नेहमी टोकाला.

कोकणात ही होडी बारा महिने दमट हवेत आणि पाण्यात असते. तीच जतच्या किंवा आटपाडीच्या एप्रिलच्या दुपारी उघड्यावर ठेवली, तर टोकं दोन दिवसांत सुकतात आणि मधलं पोट ओलंच राहतं. तिथेच ती फाटते. ओल हळू आणि सगळीकडून सारखी कमी-जास्त व्हावी, खालचा सगळा क्रम त्याच एका गोष्टीसाठी आहे. क्रम उलटापालटा केला तर प्रत्येक काम एकेकटं बरोबर करूनही होडी जाते.

टप्पा 1 : खरेदी करताना काय पाहायचं

वापरातली होडी घ्या. "चार वर्षं माडाखाली पडून आहे, स्वस्तात देतो" ही होडी स्वस्तातही महाग पडते. मालकाला पहिला प्रश्न विचारायचा तो किमतीचा नाही, "शेवटची पाण्यात कधी होती?" हा.

मग लाकडी मोगरीने होडी बाहेरून टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. भरीव लाकूड खणखणीत बोलतं, पोखरलेलं भद्द बोलतं. आवाज बदलेल तिथे खडूने खूण करा आणि नंतर त्या जागी आर (टोकदार टोचणी) टोचून पाहा. सहज अर्धा इंच आत गेली तर आत कूज आहे. दोन्ही टोकं, तळाची मधली पट्टी आणि जुनी ठिगळं या तीन जागा चुकवू नका.

खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा जीव बाहेरून फसवतो. खरं तर तो शिंपल्यांच्या जातीचा. बाहेर टाचणीच्या डोक्याएवढं भोक, आत बोटाएवढा बोगदा. पाण्याखालच्या भागावर अशी बारीक भोकं दाटीने दिसली, तर नमस्कार करून परत फिरा. चार-दोन विरळ असतील तर चालेल, हा जीव गोड्या पाण्यात तगत नाही.

लाकूड बहुधा आंब्याचं असेल. फणस जड आणि जास्त टिकाऊ. आंबा कोरायला सोपा, हलका, पण कुजायलाही घाईचा, त्यामुळे त्याला तेलाची शिस्त जास्त लागते.

आता ज्या गोष्टीकडे घाटावरची माणसं हमखास दुर्लक्ष करतात ती: होडीच्या काठावरची जोड-भोकं. काठाला आडव्या दांड्या बांधायच्या जागा किंवा भोकं दिसत असतील, तर ही होडी उलांडीची आहे. म्हणजे बाजूला दोन आडव्या दांड्यांवर तरंगतं लाकूड बांधून चालवायची. ते लाकूड "अडगळ" म्हणून तिथेच सोडून आलात, तर अर्धीच होडी आणलीत. उलांडी मागून घ्या, मोडकी असली तरी. मापं तरी मिळतात.

"जुनी कशाला, आमच्या बांधावरचा आंबा तोडून नवीच कोरून घेतो" असं म्हणणाऱ्यांसाठी: महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 च्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. झाड स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते.

*तपासा:* विक्रीची सहीनिशी पावती हातात आहे का? त्यावर "जुनी वापरलेली होडी" आणि लांबी लिहून घ्या. वाटेत कुणी लाकूडवाहतूक म्हणून अडवलं तर हाच कागद कामाला येतो. निघण्याआधी जवळच्या वनविभाग कार्यालयात एकदा विचारून ठेवलेलं बरं.

टप्पा 2 : घाट चढवणं

महिना निवडा. ऑक्टोबर ते डिसेंबर उत्तम. मार्चनंतर आणूच नका, कितीही चांगला सौदा असला तरी. पैसे देऊन टाका आणि होडी मालकाच्या खाडीतच राहू द्या.

15 फुटी ओली होडी दीडशे ते अडीचशे किलो भरते. छोट्या टेम्पोत ती मावत नाही, निम्मी बाहेर लोंबते. लांब हौद्याची गाडी बघा. चिपळूणकडून कुंभार्लीने पाटण-कराड किंवा रत्नागिरीकडून आंबा घाटाने मलकापूरवरून सांगली, वाट कोणतीही घ्या, पण संध्याकाळी निघून रात्रीत घाट पार करा.

चढवण्याआधी दोन्ही टोकांना भिजवलेली गोणपाटं गुंडाळा आणि त्यावर प्लॅस्टिक घट्ट बांधा. संपूर्ण होडीवर ओली पोती, वर ताडपत्री. लोक उन्हाला घाबरतात आणि वाऱ्याला विसरतात. चालत्या गाडीवरचा वारा चार तासांत जेवढी ओल ओढतो, तेवढी सावलीतल्या होडीतून चार दिवसांत जात नाही.

खाली जुने टायर किंवा वाळूची पोती तीन ठिकाणी ठेवा: मध्ये एक, आणि दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर एकेक. फक्त दोन टोकांवर टेकवलेली होडी गतिरोधकावर मधून वाकते. बांधायला पट्टा वापरा. साखळीने काठ चेपतो. उलांडीच्या भोकांत दोर घालून होडी उचलू नका, ती भोकं ओढ सोसायला आहेत, वजन उचलायला नाहीत.

टप्पा 3 : मुरवणं

गाडी आली की लोक होडी अंगणात उतरवतात, फोटो काढतात, पाहुण्यांना दाखवतात. ते नंतर. होडी गाडीतून थेट पाण्यात जायला हवी, आणि पाण्यात म्हणजे पाण्याखाली. तीन ते चार आठवडे ती गोड्या पाण्यात बुडवून ठेवायची.

यात तीन कामं एकदम होतात. प्रवासात सुकलेली टोकं पुन्हा फुगतात. लाकडातलं मीठ निघतं, नाहीतर ते पुढे खिळे खातं आणि वर मारलेलं तेल धरू देत नाही. आणि आत एखादा पोखरणारा जीव राहिला असेल तर तो मरतो.

1. कमरेएवढ्या, संथ पाण्याची जागा निवडा. ओढ्याचा डोह, जुनी खाण, काठाशी उथळ असलेला तलाव चालेल. धरणाच्या जलाशयात ठेवणार असाल तर आधी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात विचारा.
2. होडी पाण्यात न्या आणि आत पाणी भरा. ती काठापर्यंत बुडेल, पण तळाला जाणार नाही, कारण लाकूड तरंगतंच. आत गोणपाट अंथरून त्यावर गोटे ठेवा. मध्ये ढीग नको, लांबीभर सारखे पसरा.
3. जाड दोराने झाडाला बांधा. दोर पाण्याच्या पातळीपेक्षा बराच वरच्या बुंध्याला असू द्या.
4. वर एखादा रिकामा कॅन बांधून सोडा, म्हणजे कुणाचं जाळं अडकणार नाही.

*सावध:* प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात होडी गोट्यांनी बुडवू नका. एक टोकदार गोटा कागद फाडतो आणि द्राक्षबागेचं उन्हाळ्याचं पाणी रात्रीत जमिनीत जातं. त्याहून मोठा धोका माणसाला. ओल्या कागदाच्या उतारावर पाय टिकत नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा बाहेर येऊ शकत नाही. शेततळ्यात होडी वापरायचीच असेल, तर चारही बाजूंना गाठी मारलेले दोर काठावरच्या पक्क्या खुंटांना बांधून पाण्यात सोडा, आणि हवा भरलेली एक ट्यूब कायम काठावर ठेवा. ही तयारी होडी येण्याआधी करा.

टप्पा 4 : चिरा

सगळ्यात जास्त होड्या इथे मरतात, म्हणून सावकाश वाचा.

कोरड्या होडीची चीर अर्धा इंच रुंद दिसते. माणूस घाबरतो आणि ती सिमेंटने, एम-सीलने किंवा फेव्हिकॉल-भुश्याने गच्च भरतो. वरून छान दिसतं. मग होडी पाण्यात जाते, लाकूड फुगायला लागतं, चिरेच्या दोन्ही भिंती जवळ येऊ पाहतात आणि मध्ये दगडासारखं कडक झालेलं भरण उभं असतं. लाकूड फोडताना आपण पाचर मारतो, इथे पाचर आधीच बसवलेली आहे. चीर मागे हटत नाही, पुढे पळते. एक वीतभर असलेली हातभर होते.

म्हणून आधी मुरवणं, मग चीर. चार आठवड्यांत बहुतेक बारीक चिरा आपोआप मिटतात. मुरवायला टाकतानाच प्रत्येक चिरेच्या शेवटच्या टोकावर खिळ्याने आडवी खूण करून ठेवा. बाहेर काढल्यावर चीर त्या खुणेच्या पुढे गेली आहे का, ते कळतं.

होडी बाहेर काढून सावलीत उपडी ठेवा, टोकांवर ओली गोणपाटं तशीच असू द्या. दुसऱ्या दिवशी सुलटी करून आत चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून पाहा. जिथून पाणी झिरपतं तिथे खडूने खूण करा. काम फक्त याच जागांवर. न गळणाऱ्या चिरेला हात लावू नका, ती कितीही कुरूप दिसली तरी.

*केसाएवढी गळती:* कापसाच्या सुताचा सैल पीळ तेलात भिजवून बोथट पटाशीने चिरेत दाबा. ठोकायचं नाही, दाबायचं. वरून राळ आणि तेलाचं मिश्रण.

हे मिश्रण असं: राळ काष्ठौषधीच्या दुकानात खड्यांच्या रूपात मिळते. ती कुटून मंद आचेवर वितळवा आणि त्यात थोडं-थोडं जवसाचं किंवा करंजाचं तेल घाला. ठरावीक प्रमाण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, राळ दरवेळी वेगळी निघते. थेंब गार पाण्यात टाका, बाहेर काढून बोटांनी दाबा. तुकडे पडले तर तेल कमी. बोटाला चिकटून तार आली तर तेल जास्त. दाबल्यावर निमूटपणे चपटा झाला आणि कडा तडकली नाही, म्हणजे जमलं.

*सावध:* हे काम उघड्यावर, घरापासून आणि गंजीपासून लांब. भांडं अर्ध्याहून कमी भरा. पेट घेतला तर पाणी ओतू नका, झाकण टाका. म्हणून जाड झाकण आधीच हाताशी ठेवा.

*बोटभर रुंद किंवा आरपार चीर:* नुसतं भरून भागणार नाही, शिवावी लागते. चिरेच्या दोन्ही बाजूंना दीड इंच सोडून गिरमिटाने भोकं पाडा, दोन भोकांत तीन इंचांचं अंतर. सगळी भोकं एका ओळीत येऊ देऊ नका, एक चिरेच्या थोडं जवळ, एक थोडं लांब. एकाच रेषेत आली तर लाकूड तिथूनच फाटेल. बाहेरच्या बाजूला भोकापासून भोकापर्यंत उथळ खाच करा, म्हणजे दोर आत बसेल आणि काठावर ओढताना घासणार नाही. चिरेत सुताचा पीळ, आतून पिळावर कापडाची पट्टी, आणि मग ओल्या काथ्याच्या दोरीने आरपार टाके. प्रत्येक टाका ओढल्यावर त्याच भोकात लाकडी खुंटी ठोकून तो जागच्या जागी अडकवा. शेवटी भोकं आणि पीळ यांवर राळ.

ज्यांना शिवण जमत नाही ते पत्र्याचं ठिगळ मारतात. हरकत नाही. पत्र्याखाली डांबरात भिजवलेलं कापड हवंच. खिळे तांब्याचे किंवा जस्ती, आणि प्रत्येक खिळ्याला आधी बारीक भोक. साधा लोखंडी खिळा गंजून दुप्पट फुगतो आणि स्वतःची नवी चीर पाडतो.

*तपासा:* पुन्हा आत चार बोटं पाणी, रात्रभर. सकाळी खालची जमीन कोरडी हवी. थोडा ओलसर डाग चालेल, थेंब पडत असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा 5 : तेल

वेळ नेमकी पकडायची: पृष्ठभाग कोरडा, आतलं लाकूड अजून ओलसर. सावलीत आठ-दहा दिवसांनी हा टप्पा येतो. तळहात ठेवला की गार लागतो पण ओला होत नाही, तेव्हा सुरू करा. पूर्ण सुकायची वाट पाहिलीत तर पुन्हा चिरा. ओल्यावरच मारलंत तर तेल आत शिरत नाही, वरच बुरसटतं.

पहिला हात फक्त दोन्ही टोकांना, आणि तोही तीन-चारदा, लाकूड पिणं थांबवेपर्यंत. मग सगळ्या होडीला आतून-बाहेरून पातळ हात. आतून विसरू नका. बाहेरूनच तेल लावलेली होडी आतून सुकते आणि आतून चिरते. तीन-चार दिवसांनी दुसरा हात.

कोकणात काजूच्या टरफलांचं तेल लावतात. ते कीड आणि कूज दोन्हींना भारी आहे, पण बिब्ब्यासारखं भाजतं. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांना चष्मा, आणि लहान मुलं लांब. नको असेल तर उकळलेलं जवसाचं तेल आणि करंजाचं तेल मिसळून लावा. जवस सुकून थर धरतो, करंज किडीला आवडत नाही.

गॅरेजचं काळं तेल मात्र लावू नका. बैलगाडीला चाललं म्हणून होडीला चालत नाही. ते पाण्यावर तवंग धरतं, मासळीला वास येतो आणि शेततळं असेल तर ठिबकच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतं. ऑइल पेंट आणि चकचकीत वॉर्निशही नको. आतली ओल बाहेर येताना त्याचे पापुद्रे उठतात.

*सावध:* जवसाच्या तेलाच्या चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तो आपोआप तापून पेट घेतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

टप्पा 6 : उलांडी

होडीला भोकं असतील तर उलांडी लावल्याशिवाय पाण्यात नेऊ नका. तरंगतं लाकूड पांगारा किंवा सावरीसारखं हलकं हवं, बाभळीचं ओंडकं बांधून उपयोग नाही. दांड्या बांबूच्या. सगळं दोरीने बांधायचं, बोल्टने आवळायचं नाही. लाटेवर हे जोड थोडे खेळले पाहिजेत, नाहीतर ताण थेट काठावर येतो.

रिकाम्या होडीत उलांडीचं लाकूड पाण्यावर जेमतेम टेकलेलं असावं. खोल बुडलेलं असेल तर दोर सैल करून वर घ्या.

टप्पा 7 : पहिल्यांदा पाण्यात

माणसं शेवटी. आधी वाळूची पोती.

मांडीएवढ्या पाण्यात होडी सोडा. 15 फूट लांब आणि 2 फूट रुंद होडी साधारण 20 किलोंमागे एक सेंटिमीटर बुडते. म्हणजे 65 किलोंचा माणूस तिला तीन-सव्वातीन सेंटिमीटर खाली नेतो. हा हिशोब डोक्यात ठेवून पोती एकेक करून ठेवा आणि पाण्यापासून काठापर्यंतची उंची मोजत जा. सर्वांत खालच्या जागी एक वीत काठ पाण्याबाहेर हवा. तिथे थांबा, पोती मोजा, आणि तेवढ्याच किलोंचा आकडा आतल्या बाजूला तापल्या सळईने कोरून ठेवा. रंगाने लिहिलेला आकडा वर्षात जातो आणि मग "अजून एक बसतंय की" सुरू होतं.

मग पोती काढून एकच माणूस. चढताना होडीच्या बरोबर मध्ये पाय, दोन्ही हात दोन्ही काठांवर, आणि लगेच तळावर बसायचं. आडव्या फळीवर बसलं की वजन वर जातं आणि अरुंद होडी लगेच कलते. उभं राहून जाळं फेकणारा कोकणातला माणूस पाहून तसं करायला जाऊ नका, त्याच्या होडीला उलांडी आहे आणि त्याच्या पायांना लहानपणापासूनची सवय.

शेवटची चाचणी मुद्दाम उलथवण्याची. लाइफ जॅकेट घालून, कमरेएवढ्या पाण्यात, काठावर दोघे उभे असताना होडी कलंडवा. तिला धरून राहायला जमतं का पाहा. लाकडी होडी भरली तरी बुडून तळाला जात नाही, तिला सोडून काठाकडे पोहायला निघालेला माणूस मात्र दमतो. हे अंगात मुरेपर्यंत दोन-तीनदा करा.

टप्पा 8 : रोजची कामं

*फूटव्हॉल्व्ह.* कृष्णा-वारणाकाठी होडीचं सगळ्यात उपयोगी काम हेच, आणि सगळ्यात जीवघेणंही. नुसतं स्टार्टरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. मेन स्विच खाली, फ्यूज काढून खिशात, आणि पेटीजवळ एक माणूस उभा. लोडशेडिंग चालू आहे म्हणून बिनधास्त पाण्यात हात घालणारे आहेत. लाइट कधी येईल ते वायरमनलाही माहीत नसतं. होडी पुढून-मागून दोन दोरांनी बांधा, मगच पाइप ओढा. एका बाजूला वाकून जड पाइप उचलताना समोरच्या बाजूला दुसऱ्याने बसायचं.

*जलपर्णी.* ओढायची, भरायची नाही. दोर टाकून तिचा गठ्ठा काठाकडे ओढत न्या. ओली जलपर्णी होडीत भरली की दिसते हलकी आणि असते जड.

*वैरण.* पेंढ्या आडव्या, काठाच्या वर एकच थर. ओल्या मक्याचं वजन कोरड्या कडब्याच्या अंदाजाने धरू नका.

*कोयनेचं बॅकवॉटर.* 105 टीएमसीचा हा जलाशय कोरीव होडीने ओलांडायचा नाही. दुपारनंतर वारा सुटला की मोकळ्या पाण्यावर उठणाऱ्या लाटा वीतभर काठाला जुमानत नाहीत. सकाळी, काठाकाठाने, खाडीसारख्या आत शिरलेल्या पाण्यात वापरा. पश्चिमेचा बराचसा काठ कोयना अभयारण्यात, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतो. तिथे परवानगीशिवाय उतरू नका.

*पैसे घेऊन पर्यटक फिरवणं.* हे घरगुती वापरात येत नाही, त्याला परवाना लागतो. आणि परवाना मिळाला तरी माझं मत असं की नवख्या, हसणाऱ्या, सेल्फी काढणाऱ्या माणसांसाठी ही होडी नव्हेच.

*पूर.* पुरात ही होडी बाहेर काढायची नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून कितीतरी जण बुडाले, आणि ती या होडीपेक्षा मोठी होती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी मानतात. तुमच्या होडीसाठी पाणी गढूळ झालं, वरून ओंडके वाहत आले, तेवढा इशारा पुरे.

टप्पा 9 : वर्षभर कुठे, कशी

पाडव्यापासून मृगापर्यंतचे दिवस धोक्याचे. या दिवसांत रोज वापरात असेल तर उत्तम, पाण्यातली होडी चिरत नाही. वापर नसेल तर टप्पा 3 प्रमाणे बुडवून ठेवा. "बुडवली तर कुजेल" ही भीती खोटी आहे. पूर्ण पाण्याखाली कूज धरत नाही, ती धरते अर्धवट ओल्या, अर्धवट कोरड्या जागी. पाणीच आटत असेल, येरळाकाठी बहुतेक आटतंच, तर झाडाच्या गर्द सावलीत उपडी, दगडांवर तीन ठिकाणी टेकवून, टोकांवर रोज भिजवलेली गोणपाटं. थेट मातीवर टेकवली तर वाळवी आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. दगडांच्या कडेने मातीच्या बारीक नळ्या चढताना दिसतात का, ते आठवड्याला पाहा.

पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. सावली असली तरी दुपारी आतली हवा भट्टी होते.

मृग लागला की बुडवलेली होडी काढा, ढगाळ हवेत तेलाचा एक हात द्या. जुलै-ऑगस्टमध्ये कोयनेतून विसर्ग वाढला की नदी रात्रीत चढते, त्यामुळे नदीकाठच्या खुंट्याला होडी बांधून घरी झोपायचं नाही. 2019 ला पाणी तुमच्या शिवारात जिथवर आलं होतं, त्या खुणेच्या वर होडी नेऊन ठेवा आणि तिथेही झाडाला बांधा, दोर लांब ठेवून. आखूड दोराने बांधलेली होडी पाणी चढल्यावर वर येऊ शकत नाही, बांधल्या जागीच कलंडून भरते आणि दोराच्या ओढीने काठ उपटून निघतो.